वर्ग-२ चा वर्ग-१: चालू प्रोग्राममध्ये ऑब्जेक्टचा क्लास बदलतो तेव्हा

(नव्या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

आज सुरुवातीलाच एक छोटं काम. गाडी चालवत नसाल तर फोनवर महाभूलेख उघडा आणि घरच्या जमिनीचा सातबारा काढा. स्वतःची जमीन नसेल तर मामाची बघा, चालेल. वरच्या बाजूला 'भूधारणा पद्धती' असं दिसेल आणि त्यासमोर बहुतेक वेळा 'भोगवटादार वर्ग-१' किंवा 'भोगवटादार वर्ग-२'.

वर्ग. म्हणजे क्लास!

कॉलेजात ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकताना आमच्या सरांनी फळ्यावर अ‍ॅनिमल, डॉग, कॅट काढलं होतं. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करतं, झालं पॉलिमॉर्फिझम. सातबारा दाखवला असता तर वर्गातली निम्मी पोरं एका मिनिटात समजली असती. वर्ग-१ ची जमीन मालकाला हवी तेव्हा विकता येते. वर्ग-२ ची जमीनही पिढ्यानपिढ्या तुमच्याकडेच असते, तुम्ही कसता, पीक घेता, पण ती विकायची म्हटली की सरकारी परवानगी लागते. जुनी माणसं तिला 'नवीन शर्तीची जमीन' म्हणतात. माती तीच, बांधावरचं लिंबाचं झाडही तेच. 'विकणे' नावाची मेथड दोन्ही वर्गांत आहे, फक्त एकीत ती लगेच चालते आणि दुसरीत आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढून येते.

आता खरी गंमत. वर्ग-२ चा वर्ग-१ करता येतो. त्यासाठी २०१९ साली राज्य सरकारने वेगळे नियमच काढले. अर्ज करायचा, ठरलेलं अधिमूल्य भरायचं, आदेश निघतो, फेरफार नोंद होते आणि सातबाऱ्यावरचा वर्ग बदलतो. गट नंबर मात्र तोच राहतो. आमच्या चिखलीत, तळवड्यात कंपन्यांचे पत्तेसुद्धा अजून 'गट नंबर अमुक' असेच असतात. जमिनीची ओळख तीच ठेवून तिचा वर्ग बदलला. महसूल खात्याच्या इंग्रजी कागदांत या फेरफाराला 'म्युटेशन' म्हणतात, आणि मेमरीतल्या ऑब्जेक्टमध्ये बदल केला की आम्ही प्रोग्रामर लोकही म्युटेशनच म्हणतो.

तर आजचा विषय हाच आहे. प्रोग्राम चालू आहे, ऑब्जेक्ट जिवंत आहे, दहा ठिकाणांहून त्याच्याकडे बोट दाखवलेलं आहे. अशा वेळी त्याचा क्लास बदलता येतो का? आणि आला तर बदलावा का? या प्रश्नाला पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे. तो ऐकल्यावर कळतं की बदल करणं फारसं अवघड नाहीये. अवघड आहे ते जुन्या माहितीचं काय करायचं आणि जुन्या वर्गावर भरवसा ठेवून बसलेल्या बाकीच्यांचं काय करायचं, हे ठरवणं.

एक योगायोग सांगते. ज्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात हे वर्ग-१, वर्ग-२ आहेत, तो १९६६ चा कायदा लागू झाला १५ ऑगस्ट १९६७ ला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात नॉर्वेमध्ये ऑस्लोजवळ लिसेबू इथल्या एका परिषदेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड या दोघांनी क्लास आणि सबक्लास या कल्पनेवरचा पेपर मांडला. त्यांची भाषा म्हणजे सिम्युला ६७. आपण आज जे क्लास लिहितो त्यांचं मूळ गाव ते.

हे दोघं नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये सिम्युलेशनवर काम करत होते. विचार करताना त्यांच्यासमोर एक उदाहरण होतं टोलनाक्याचं. (हो, टोलनाका. आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही.) रांगेत ट्रक आहेत, बस आहेत. रांगेला फक्त 'वाहन' माहीत असलं तरी पुरतं, कारण पुढे सरकणं, थांबणं सगळ्यांचं सारखं. पण ट्रकला मालाचं वजन असतं आणि बसला प्रवासी. मग त्यांनी असं केलं, की 'वाहन' हा भाग आधी लिहायचा आणि त्याच्या पुढे ट्रकचा किंवा बसचा भाग जोडायचा. मेमरीतही तसंच. आधी वाहनाची फील्ड, मग त्याला लागून ट्रकची फील्ड.

ही मांडणी वेगवान होती, कारण कुठलं फील्ड कितव्या घरात आहे हे कंपायलरला प्रोग्राम चालू होण्याआधीच माहीत असायचं. पण तिच्यात एक गृहीतक लपलं होतं. ट्रक म्हणून जन्मलेला ऑब्जेक्ट मरेपर्यंत ट्रकच. त्याला मध्येच बस करायचं तर पुढच्या घरांत मालाच्या वजनाऐवजी प्रवासी बसवावे लागणार. घरं कमी पडली तर शेजारी दुसराच ऑब्जेक्ट राहतोय. टोलनाक्याच्या सिम्युलेशनमध्ये हे कधी नडलं नसेल. रांगेत उभ्या ट्रकची बस कोण करतंय?

पण माणसांचं तसं नसतं, आणि पुढे हेच क्लास माणसांच्या नोंदी ठेवायला वापरले गेले.

इथे एक किस्सा सांगायलाच हवा. कंपनीचं नाव घेणार नाही, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचंही नाही आणि ज्या कारखान्यासाठी लिहिलं त्यांचंही नाही. हजेरी आणि पगाराची सिस्टिम होती, जावामध्ये लिहिलेली. मी त्या टीममध्ये गेले तेव्हा ती कित्येक वर्षं चालू होती. तिच्यात दोन क्लास होते, टेम्पररी कामगार आणि परमनंट कामगार. आपल्या पट्ट्यात 'परमनंट झाला' या दोन शब्दांची किंमत काय आहे ते मी सांगायला नको. घरात पेढे येतात, लग्नाची बोलणी सुरू होतात. आता जावामध्ये ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही. म्हणून जुन्या टीमने सरळ मार्ग धरला होता. नवा परमनंट ऑब्जेक्ट बनवायचा, त्यात नाव, बँक खातं, फोटो कॉपी करायचे, नवा टोकन नंबर द्यायचा आणि जुना ऑब्जेक्ट 'निष्क्रिय' करून ठेवायचा. रुजू होण्याची तारीख मात्र नवा ऑब्जेक्ट बनतानाच भरली जायची. आजची तारीख.

पगार बरोबर येत होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कामगारांसाठी मोबाइल अ‍ॅप आलं आणि एका कामगाराने त्यात स्वतःची माहिती उघडली. तिथे लिहिलं होतं, 'एकूण सेवा: ४ महिने'. त्याच गेटमधून सहा वर्षं आत जाणारा माणूस! सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं त्याच्या वर होती. रजेच्या जुन्या नोंदी, अपघाताचा एक अहवाल, सगळं जुन्या टोकन नंबरला चिकटलेलं, आणि तो नंबर आता कुणाचाच नाही. ग्रॅच्युइटीसाठी १९७२ च्या कायद्यात सलग पाच वर्षांच्या सेवेची अट होती. ती 'सलग' सिस्टिमनेच तोडून टाकली होती.

हा किस्सा डोक्यात ठेवा, कारण वेगवेगळ्या भाषा बनवणाऱ्यांनी याच प्रश्नाला काय काय उत्तरं दिली ते आता बघायचंय.

सिम्युलानंतरचा मोठा टप्पा म्हणजे स्मॉलटॉक. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग ही मंडळी १९७० च्या दशकात त्यावर काम करत होती. स्मॉलटॉकचं वेगळेपण असं, की तिथे प्रोग्राम लिहिणं आणि प्रोग्राम चालवणं या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. सगळी सिस्टिम जिवंत. आज क्लासमध्ये एक नवं फील्ड टाकलंत तर त्या क्लासचे कालपासून मेमरीत बसलेले ऑब्जेक्टसुद्धा त्या क्षणी नव्या मापाचे व्हायला हवेत. बंद करून पुन्हा चालू करा ही सोय तत्त्वातच नव्हती.

त्यांचं उत्तर होतं एक मेसेज, 'बिकम'. एका ऑब्जेक्टला सांगायचं की तू आता तो दुसरा हो. म्हणजे ज्याने ज्याने पहिल्याकडे बोट दाखवलं होतं, त्या सगळ्यांची बोटं आता दुसऱ्याकडे, आणि दुसऱ्याकडची पहिल्याकडे. स्मॉलटॉक-८० मध्ये हे अगदी स्वस्तात व्हायचं, कारण ऑब्जेक्टचा खरा पत्ता कुणाकडेच नसायचा. सगळ्यांकडे एक क्रमांक असायचा, आणि कुठला क्रमांक मेमरीत कुठे आहे हे एका तक्त्यात लिहिलेलं असायचं. तक्त्यातल्या दोन ओळींची अदलाबदल केली की झालं.

आपल्याकडेही असं झालंय. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला आणि पुढे बऱ्याच गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जमीन तीच राहिली, तिला हाक मारायचा नंबर बदलला. आजोबांच्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. मधला दुवा म्हणजे कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला हे सांगणारा तक्ता. तो सापडला तर काम सोपं. नाही सापडला तर वकील.

स्मॉलटॉकचंही तेच झालं. पुढे वेगासाठी बऱ्याच आवृत्त्यांनी तो मधला तक्ता काढून टाकला आणि सगळ्यांना थेट पत्ते दिले. मग 'बिकम' म्हटलं की अख्खी मेमरी चाळून एकेक बोट शोधून वळवावं लागायचं. मोठ्या प्रोग्राममध्ये तेवढा वेळ सगळं थांबून राहायचं. एक गोष्ट इथे लक्षात घ्या. 'बिकम'ने बोटं वळतात, पण जुन्यातली माहिती नव्यात कशी न्यायची हे तुमचं तुम्ही बघायचं. आमच्या त्या पगाराच्या सिस्टिमला 'बिकम' मिळालं असतं तर रजेच्या नोंदी आणि अपघाताचा अहवाल नव्या ऑब्जेक्टकडे आपोआप आले असते. रुजू तारीख तरीही चुकलीच असती.

माहितीचा हा प्रश्न सगळ्यात गांभीर्याने घेतला तो लिस्पवाल्यांनी. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग हाच.

१९८० च्या दशकात लिस्पमध्ये ऑब्जेक्टच्या दोन-तीन वेगवेगळ्या पद्धती होत्या. एमआयटीकडून आलेली फ्लेवर्स, झेरॉक्सकडून आलेली कॉमनलूप्स. सगळ्यांनी मिळून एकच मानक करायचं ठरवलं, आणि १९८८ मध्ये कॉमन लिस्प ऑब्जेक्ट सिस्टिम, थोडक्यात क्लॉस, समितीने स्वीकारली. पुढे १९९४ च्या अमेरिकन मानकात ती आली. लिहिणारे सहा जण, त्यांत दोघी बायका, लिंडा डिमिशिएल आणि सोन्या कीन. त्या काळच्या कॉम्प्युटरच्या कागदपत्रांत हे प्रमाण वाईट नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

क्लॉसमध्ये 'चेंज-क्लास' असं थेट फंक्शनच आहे. ऑब्जेक्ट द्या, नवा क्लास द्या, ऑब्जेक्टचा क्लास बदलतो. ओळख तीच राहते, त्यामुळे कुणाचंही बोट हलवायला लागत नाही. पण पुढचं ऐका. जी फील्ड दोन्ही क्लासमध्ये एकाच नावाची आहेत, त्यांतली माहिती तशीच राहते. जी नव्या क्लासमध्ये नाहीत ती जातात. जी नव्याने आली ती भरायची असतात. आणि ती भरण्यासाठी लिस्प तुमच्या एका फंक्शनला बोलावतं आणि त्याच्या हातात दोन गोष्टी ठेवतं, बदलण्याआधीच्या ऑब्जेक्टची प्रत आणि आत्ताचा ऑब्जेक्ट. जुन्याकडे बघून नवं भर, असं.

हा फेरफारच आहे! फक्त बटण दाबलं आणि वर्ग बदलला असं नाही, बदल करायची एक रीत ठरवून दिली. टेम्पररीचा परमनंट होताना 'रुजू तारीख' दोन्हीकडे एकाच नावाने असती तर ती हललीच नसती, आणि 'कायम झाल्याची तारीख' हे नवं फील्ड त्या फंक्शनमध्ये भरलं गेलं असतं. सहा वर्षांचे चार महिने झाले नसते.

तरी दोन बाबतींत आपला तलाठी लिस्पच्या पुढे आहे. पहिली बाब. लिस्पने दाखवलेली जुनी प्रत त्या कामापुरतीच असते, काम झालं की ती टाकून देतात. हाताने लिहिलेला जुना सातबारा बघितलाय कधी? त्यावर नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. कंसातलं नाव म्हणजे आता हक्क नाही, पण होता, आणि शेजारी लिहिलेल्या फेरफार क्रमांकावरून का गेला तेही शोधता येतं. दुसरी बाब म्हणजे नोटीस. फेरफार गाव नमुना ६ मध्ये लिहिला की तो लगेच पक्का होत नाही. हितसंबंधी लोकांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. लिस्पमध्ये त्या ऑब्जेक्टवर अवलंबून असलेल्या बाकीच्यांना कुणी काही विचारत नाही. सकाळी टेम्पररी म्हणून यादीत घेतलेला ऑब्जेक्ट दुपारी परमनंट झाला, पण यादीला त्याचा पत्ता नाही.

मानक लिहिणाऱ्यांना याची जाणीव होती. त्यांनी तिथेच इशारा लिहून ठेवलाय. एखाद्या ऑब्जेक्टची मेथड चालू असताना तिच्यातूनच त्याचा क्लास बदलू नका, कारण ती मेथड जुन्या क्लासकडे बघून निवडली गेली आणि कंपायलरनेही जुनी मांडणी धरून काही शॉर्टकट घेतलेले असू शकतात. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायची, असा तो प्रकार. आणि हा धोका लिस्पपुरता नाही. पुढच्या सगळ्या भाषांमध्ये तो या ना त्या रूपात आहे.

आता उलट्या बाजूची भाषा बघू, जी नाहीच म्हणते. बियार्न स्ट्रॉस्ट्रप यांनी १९७९ मध्ये सिम्युलाचे क्लास सी भाषेत आणायला सुरुवात केली आणि त्यातून सी प्लस प्लस झाली. मग १९९५ मध्ये जावा आली. दोघींनी सिम्युलाचंच गृहीतक पुढे नेलं. जन्माला येताना जो क्लास, तोच शेवटपर्यंत. नवशिके इथे 'कास्ट'मुळे फसतात, म्हणून सांगते. जावामध्ये कास्ट केल्याने ऑब्जेक्ट बदलत नाही, तुम्ही फक्त कंपायलरला सांगता की मी याच्याकडे अमुक म्हणून बघणार आहे. तो मुळात तसा नसेल तर प्रोग्राम चालताना क्लासकास्ट एक्सेप्शन येतं. वर्ग-२ च्या सातबाऱ्यावर पेनाने वर्ग-१ लिहून निबंधक कार्यालयात गेलात तर जे होईल तेच.

(सी प्लस प्लसमध्ये एक छान अपवाद आहे. ऑब्जेक्ट तयार होत असताना आधी मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतो, आणि तेवढा वेळ ऑब्जेक्ट खरोखरच मूळ क्लासचा असतो. मग सबक्लासचा कन्स्ट्रक्टर सुरू झाला की तो सबक्लासचा होतो. म्हणजे जन्माच्या वेळी का होईना, टाइप बदलतो. मुलाखतीत विचारतात हे.)

जावा 'नाही' का म्हणते? हा हट्ट नाही. तुम्ही एका व्हेरिएबलला 'परमनंट कामगार' असा टाइप दिला की कंपायलर तुम्हाला शब्द देतो, की इथे कायम परमनंटच असेल, 'बोनस काढ' म्हटलं तर ती मेथड नक्की सापडेल. तिकडे कुणी गुपचूप त्या ऑब्जेक्टचा क्लास बदलला तर तो शब्द खोटा पडेल. मला वाटतं हा नकार प्रामाणिक आहे. फक्त नकार दिल्यावर लोक काय करतात तेही बघायला हवं. लोक कॉपी-पेस्ट करतात. नवा ऑब्जेक्ट, आजची तारीख.

या भाषांत काम करणाऱ्यांसाठी १९९४ मध्ये चार लेखकांचं 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक आलं. गामा, हेल्म, जॉन्सन, व्हिलिसाइड्स. त्यातल्या 'स्टेट' पॅटर्नचं वर्णन ते असं करतात, की ऑब्जेक्टने जणू स्वतःचा क्लास बदलला असं बाहेरच्याला वाटावं. उदाहरण नेटवर्क कनेक्शनचं आहे. कनेक्शनचा ऑब्जेक्ट एकच, पण त्याच्या पोटात दुसरा एक छोटा ऑब्जेक्ट. तो कधी 'बंद' असतो, कधी 'ऐकतोय', कधी 'जोडलेला'. बाहेरून मेसेज आला की कनेक्शन तो पोटातल्याकडे ढकलतं. बदलायची वेळ आली की फक्त पोटातला बदलायचा. बाहेरच्या कुणाचंही बोट हलत नाही, कंपायलरचा शब्दही मोडत नाही. नमुना बारामध्ये दर हंगामाला पीक बदलतं, कधी सोयाबीन, कधी हरभरा, म्हणून कुणी गट नंबर बदलत नाही. तसंच.

तिसऱ्या टोकाला आहेत सगळं मोकळं सोडणाऱ्या भाषा. पर्लमध्ये ऑब्जेक्टला क्लास देण्याला 'ब्लेस' म्हणतात, म्हणजे आशीर्वाद देणं, आणि एकदा दिलेला आशीर्वाद बदलून दुसरा देता येतो. पायथनमध्ये ऑब्जेक्टच्या 'क्लास' या खास अ‍ॅट्रिब्यूटमध्ये सरळ दुसरा क्लास ठेवायचा. तुमच्या लॅपटॉपवर आत्ता करून बघा, दोन रिकामे क्लास बनवा, चालतं. पण दोघांची मेमरीतली मांडणी जुळत नसेल तर पायथन नकार देतं, त्यामुळे पूर्णांकाला उठून कामगार करता येत नाही. म्हणजे सिम्युलाची ती टोलनाक्याची मांडणी इथेही आडवी येतेच. आणि माहितीचं काय? पायथन काही करत नाही. जुनी फील्ड तशीच लोंबत राहतात, नवी भरली जात नाहीत, कुठलाही कन्स्ट्रक्टर चालत नाही. बटण आहे, फेरफार नाही.

जावास्क्रिप्टची वाट वेगळी. डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांच्या सेल्फ या भाषेत क्लासच नव्हते. ऑब्जेक्टला पालक ऑब्जेक्ट असायचा आणि तो चालू प्रोग्राममध्ये बदलता यायचा. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना केला, तेव्हा ही पालकाची कल्पना तिथूनच घेतली. पालक बदलायची सोय २०१५ च्या मानकात अधिकृतपणे आली, पण ती वापरू नका असं सगळीकडे बजावलेलं असतं. कारण वेग. क्रोममधलं व्ही-एट इंजिन ऑब्जेक्टच्या आकारावरून आतल्या आत छुपे वर्ग धरून चालतं आणि त्यांच्या भरवशावर कोड वेगवान करतं. तुम्ही मध्येच पालक बदललात की तो भरवसा मोडतो आणि कोड मंदावतो. क्लास नसलेल्या भाषेतही इंजिनने स्वतःच्या सोयीसाठी क्लास शोधून काढलेच.

आणि ज्यांच्या हातात आयफोन आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. अ‍ॅपलच्या ऑब्जेक्टिव्ह-सी मध्ये 'की-व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंग' नावाची सोय आहे. एखाद्या ऑब्जेक्टची किंमत बदलली की मला कळव, असं सांगता येतं. हे आतून कसं होतं? ऑब्जेक्टवर कुणी नजर ठेवली की सिस्टिम गुपचूप एक नवा सबक्लास तयार करते आणि त्या ऑब्जेक्टचा 'इझा' पॉइंटर, म्हणजे 'मी कुठल्या क्लासचा' हे सांगणारं बोट, त्या नव्या सबक्लासकडे वळवते. आणि ऑब्जेक्टला विचारलं की बाबा तुझा क्लास काय, तर तो जुन्याचंच नाव सांगतो! म्हणूनच अ‍ॅपल सांगतं की तो पॉइंटर थेट वाचू नका, मेथडनेच विचारा. लिस्पमध्ये जी नोटीस नव्हती ती पाठवायलाच इथे क्लास बदलला जातो, तोही चोरून. मला हे बघून हसू येतं आणि थोडी धडकीही भरते.

आता पुन्हा त्या चार महिन्यांच्या कामगाराकडे. सिस्टिम जावाची, त्यामुळे क्लास बदलायचा प्रश्नच नव्हता. चर्चा दोन दिवस चालली. एकाचं म्हणणं, रुजू तारीख कॉपी करणारी एक ओळ टाका, संपलं. पण मग उद्या परमनंटचा सुपरवायझर झाला की पुन्हा तेच. शेवटी आम्ही टेम्पररी आणि परमनंट हे दोन्ही क्लासच काढून टाकले. एकच 'कामगार' ठेवला, त्याचा टोकन नंबर कधीच न बदलणारा. त्याच्याखाली 'नेमणूक' या ऑब्जेक्टची यादी. प्रत्येक नेमणुकीला प्रकार, सुरू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख. बोनस, रजा, ओव्हरटाइमचे नियम नेमणुकीकडे. परमनंट झाला की जुन्या नेमणुकीला शेवटची तारीख पडते आणि नवी जोडली जाते. जुनी पुसत नाही. म्हणजे कंसच.

हे काही आमचं डोकं नव्हतं. पीएफवाल्यांनी २०१४ मध्ये यूएएन आणला तेव्हा हेच केलं होतं. त्याआधी नोकरी बदलली की नवा पीएफ नंबर मिळायचा आणि जुन्या खात्यातले पैसे जुन्या कंपनीच्या नावावर पडून राहायचे. यूएएनने माणसाला एक बारा अंकी नंबर दिला आणि प्रत्येक नोकरीचा मेंबर आयडी त्याच्याखाली लावला.

काम कोडपेक्षा जुनी माहिती जुळवण्यातच जास्त गेलं. निष्क्रिय झालेले टोकन नंबर आणि चालू टोकन नंबर यांच्या जोड्या लावायच्या होत्या. नावं एकसारखी, आडनावं एकसारखी, काहींचं बँक खातं मध्ये बदललेलं. बिकमचा तो तक्ता कुणी ठेवलेलाच नव्हता. टाइम ऑफिसमधल्या एका काकांकडे एक जाड वही निघाली. प्रत्येक जण परमनंट झाल्यावर त्यांनी एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा टोकन नंबर हाताने लिहून ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं, सवयीने. ती वही आम्ही पानापानाने स्कॅन केली आणि त्यावरून जोड्या लावल्या.

पुढच्या भागात ऑब्जेक्ट मरतो तेव्हा काय होतं ते बघू, म्हणजे गार्बेज कलेक्शन. सातबारा उघडलाच असेल तर बंद करायच्या आधी आपला वर्ग कुठला ते घरी विचारून घ्या. भेटू.